गड्ड्यावर बसलेला वस्ताद

पडदा वर जातो तसं शटर वर गेलं.

आधी खाली एक फट पडली. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतलं सकाळचं ऊन त्या फटीतून आत शिरलं, फरशीवरून रांगत पुढं गेलं आणि मधोमध उभ्या असलेल्या मशीनच्या पायाशी थबकलं. मग शटर कुरकुरत पार वर गेलं आणि सगळा देखावा एकदम उजळला. डाव्या अंगाला रबर लाटायचे दोन जाडजूड रोलर. उजव्या अंगाला मोल्डिंगचं मशीन. मागं रबराच्या कतरणीनं भरलेल्या पोत्यांची रास, इतकी उंच की ती भिंतच वाटावी. आणि मधोमध, दरबाराच्या प्रवेशात सिंहासन असतं त्या जागी, नीडर.

नीडर म्हणजे एक मोठं लोखंडी पातेलं समजा. त्याच्या पोटात दोन पिळदार दांडे एकमेकांकडे फिरतात आणि जे टाकाल ते कणकेसारखं मळून काढतात. वरून झाकण दाबून बसतं. मळून झालं की बाजूचा दांडा ओढायचा. पातेलं आडवं होतं आणि आतला माल खालच्या ट्रेमध्ये धप्पकन पडतो. शेजारच्या खांबावर एक गोल तबकडी आहे. तिच्यातला काटा मोटरीला किती जोर पडतोय ते सांगतो. माल घट्ट झाला की काटा वर, सैल झाला की खाली.

एवढं नेपथ्य लागल्यावर पात्राचा प्रवेश झाला. शिडशिडीत अंग, केस पांढरे पण मिशी हट्टानं काळी राखलेली, खांद्यावर धुऊन धुऊन मऊ पडलेला पंचा, हातात जेवणाचा डबा. कडुबा दाभाडे. मूळ गाव पिशोर, आता घर मुकुंदवाडीला. शेडमधली माणसं त्याला वस्ताद म्हणायची. रबर मळण्याच्या कामात त्याच्यासारखा हात साऱ्या वसाहतीत नाही, असं निदान चहाच्या टपरीवर तरी ठरलेलं होतं.

त्यानं डबा खुंटीला अडकवला, नीडरच्या झाकणावर तळवा ठेवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "काय, झाली का झोप?"

मोल्डिंगवरचा राजकुमार लगेच ओरडला, "वस्ताद, वो जवाब दी तो मेरेकू भी बताना!"

"देती की. पण तुझ्यासारख्याच्या कानाला ऐकू येत नाय ते."

हसणं झालं. पण त्या दिवशीच्या हसण्याला जरा घाई होती. कारण त्या दिवशी नव्या मालाची दुसरी चाचणी होती, आणि पहिली साफ पडली होती.

ह्या शेडमध्ये मोटारसायकलच्या हँडलला लावायच्या ग्रिप व्हायच्या. रबर मळायचं, लाटायचं, गरम साच्यात दाबून शिजवायचं. रबराचा स्वभाव असा की ते एकदाच शिजतं. शिजलं की आकार पक्का. मग वितळवतो म्हटलं तरी वितळत नाही. म्हणून तर ती पोत्यांची रास: ग्रिपच्या कडेनं निघालेली कतरण, कशाच्याच उपयोगाची नाही. आता वाळूजच्या पार्टीनं निरोप धाडला होता की यापुढं आम्हाला असला माल नको. रबरासारखा ताणला जाईल, पण प्लास्टिकसारखा वितळेल, झटपट साच्यातून निघेल आणि वाया गेलेला तुकडा परत वापरता येईल, असा माल द्या.

शेडचे मालक रामकिसन शेठ मूळचे देवगाव रंगारीचे. बापजाद्यांची शेती भावाकडे सोपवून ते शहरात आले, म्हणायला शेठ झाले, पण बोलणं बांधावरचंच राहिलं. त्यांनी माणसं गोळा करून सांगून टाकलं होतं, "नवा माल जमला तर नीडर ऱ्हाईल आन् कडुबा नीडरवर ऱ्हाईल. नाय जमला तर नीडर इकून टाकीन, नव्या मालाचा तयार दाणा बाहेरून आणीन. मग कडुबा, तुला गेट. खुर्ची हाय तिथं."

ती खुर्ची सगळ्यांना ठाऊक होती. गेटाजवळची लाल प्लास्टिकची, एक हात मोडून तारेनं बांधलेली. तिच्यावर आधी रोलरवरचे शेख चाचा बसायचे. चाचा म्हणजे काय गडगडाटी माणूस! मशीनच्या आवाजावर आवाज चढवून कव्वाली म्हणायचे. गेटावर बसले आणि सहा महिन्यांत त्यांचा आवाज पार बसला. कोणाशी बोलणार? येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोंशी? कडुबा जाता-येता त्या खुर्चीकडे बघायचं टाळायचा. उन्हात तापलेली, रिकामी, वाट बघणारी खुर्ची. ती आपल्याच मापाची आहे असं त्याला वाटायचं.

नवा माल जमवायला शेठनी आणली होती प्रेरणाला. पुंडलिकनगरात आईबरोबर राहणारी, रबर-प्लास्टिकचंच शिकून आलेली, पंचविशीतली पोर. बोलणं हळू, पण डोळे सगळीकडे. पहिल्याच दिवशी तिनं कडुबाला काका म्हटलं आणि चहाचा कप त्याच्या हातात देऊन सगळं समजावून सांगितलं.

"काका, आधी प्लास्टिकचा दाणा वितळवायचा. मग त्यात रबर मळायचं. दोन्ही एकजीव झालं की रबर शिजवायची पावडर टाकायची. रबर शिजायला लागेल, काटा वर चढेल. तेव्हा थांबायचं नाही, मळतच राहायचं. शिजता शिजता रबराचे इतके बारीक कण होतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि वितळलेलं प्लास्टिक प्रत्येक कणाभोवती बसतं. मग ताणायचं काम रबर करतं, वितळायचं काम प्लास्टिक करतं."

कडुबानं चहाचा घोट तसाच तोंडात धरला. "नीडरमधीच शिजवायचं म्हणता ताई?"

"हो. मळता मळता."

"आन् काटा चढल्यावर बी फिरवत ऱ्हायचं?"

"चढेल, वर टेकेल, मग आपोआप खाली येऊन स्थिर होईल. तोपर्यंत."

"बरं," कडुबा म्हणाला.

पण ते 'बरं' ओठावरचं होतं. एखाद्या मुरलेल्या नटाला सांगावं, की बाबा, आजवर शेवटच्या अंकात मरत आलास, आता पहिल्याच प्रवेशात मर आणि मेल्यावरच पुढचं नाटक कर. तसं त्याला झालं. रबराच्या कामात साऱ्यात मोठा गुन्हा कोणता, तर माल नीडरमध्ये शिजू देणं. त्याला 'माल लागला' म्हणायचे, दूध तळाला लागतं तसं. माल लागला की आतल्या दांड्यांना दगडासारखा चिकटून बसतो, छिन्नी-हातोडीनं फोडून काढावा लागतो. म्हणून काटा जरा उठला की दांडा ओढायचा आणि माल बाहेर काढायचा. हे कडुबाच्या डोक्यात नव्हतं, हातात होतं.

आणि ते हातात कोणी घातलं होतं? सांडू वस्तादानं. आता तो नाही. पण कडुबा नवखा असताना ह्या नीडरवर सांडूचं राज्य होतं. बुटका, घाऱ्या डोळ्यांचा माणूस, शिवी दिली तरी ऐकत राहावं असा आवाज. त्यानं ह्या शेडला एक रिवाज घालून दिला होता. ज्याच्या हातून माल लागेल, त्यानं तो स्वतः फोडून काढायचा, आणि निघालेल्या गड्ड्यावर बसून जेवायचं. बाकीचे चटईवर गोल करून बसणार, तो मधोमध गड्ड्यावर, सगळ्यांपेक्षा उंच, सगळ्यांना दिसेल असा. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की सांडू वस्ताद आपल्या हातानं त्याला जिलबी भरवायचा, आणि तिथं शिक्षा संपायची.

कडुबाच्या हातून माल लागला तो पाडव्याच्या सुमाराला. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत तो पोरगा त्या गड्ड्यावर बसून भाकरी खात होता. कोणी हसायचं, कोणी लोणचं पुढं करायचं. सांडू म्हणायचा, "कडुबा, वरून कसा दिसतो रं आमचा दरबार?" कडुबाला हसू यायचं नाही. खालच्या रबराचा करपट वास नाकातून जायचा नाही. पण त्यानंतर त्याच्या हातून कधी माल लागला नाही. तो गड्डा शेडमध्येच राहिला. बाजूचं लोखंडी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेला असायचा. काळाकुट्ट, वरून बसून बसून गुळगुळीत झालेला.

आता पहिल्या चाचणीत काय झालं असेल ते सांगायला नकोच. प्रेरणा पलीकडे मोल्डिंगचं मशीन तापवून घेत होती. पावडर पडली. नीडरचा आवाज जड झाला, काटा उठला, आणि कडुबाच्या हातानं दांडा ओढला. माल ट्रेमध्ये पडला. वाफाळता, मऊ, लागलेला नाही! त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"झालं का काका? काटा खाली येऊन थांबला होता?" तिकडून प्रेरणानं विचारलं.

"झालं झालं."

त्याला ते खोटंही वाटलं नाही. पोर नवी आहे, पुस्तकातून आलेली आहे, मशीन जाम झालं असतं तर हिच्याच डोक्यावर आलं असतं. आपण तिला वाचवलं, असाच त्याचा हिशेब. जरा कमी मळलं म्हणून काय बिघडतंय?

बिघडलं. ट्रेमध्ये पडलेला माल पडल्या जागी शिजत राहिला, कोणी न मळता, थिजत चाललेल्या प्लास्टिकला धरून. मोल्डिंगमधून जी ग्रिप निघाली ती पार रवाळ. बोटानं चोळली की चुरा पडायचा. राजकुमारनं ती कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाला, "मॅडम, ग्रिप नाय, चिवडा है ये."

प्रेरणानं पावडर बदलली, तेल कमी केलं, दाणा दुसरा मागवला. आणि दुसऱ्या चाचणीच्या दिवशी, ज्या दिवशी आपलं शटर वर गेलं, त्या दिवशीही तेच झालं. ती तिकडे, तो इकडे, काटा उठला, हात गेला. पुन्हा चिवडा.

या खेपेला राजकुमारनं ग्रिप कानाशी नेली नाही. शेठ आले, ग्रिप हातात घेऊन त्यांनी दोन बोटांनी दाबली. चुरा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला.

"पोरी," ते प्रेरणाला म्हणाले, "तुझ्यावर माझा राग नाय. पण वाळूजवाला थांबायचा नाय. अजून एकडाव बघ. नाय जमलं तर तू बी मोकळी आन् ही नीडर बी मोकळी." मग कडुबाकडे वळून, "तुझा काय दोष नाय कडुबा. तू तुझं काम चोख केलं."

कडुबानं मान डोलावली. प्रेरणा खिडकीशी जाऊन त्या चुऱ्यातले कण एक एक करून बोटावर घेऊन बघत राहिली, आपलंच काही हरवल्यासारखी. कडुबा बाहेर पडला. गेटावरची खुर्ची उन्हात होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा भामाबाईनं चुलीवर, म्हणजे गॅसवरच, पिठल्याचं आधण ठेवलं होतं. भामाबाई म्हणजे कडुबाच्या घरातली दुसरी वस्ताद. हातात पळी आणि तोंडात हुकूम.

"तोंडाला कुलूप लागलंय का? का गप?" तिनं विचारलं.

"काय नाय."

"काय नाय तर मग हे हाटा जरा. शेजारीण हाक मारतीय, आले मी. पीठ सोडलंय आत्ताच. हात थांबवू नका."

ती दारात गेली. कडुबा पळी फिरवत राहिला. डोक्यात खुर्ची. बेसनाचं पाणी खदखदत होतं, पळी हलकी फिरत होती. मग जरा जड झाली. पळीला जोर लागायला लागला. आणि कडुबानं, मनात काही न येता, पातेलं गॅसवरून खाली उतरवून ठेवलं.

भामाबाई आली, वाकून बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"अवो, काय केलं हे? सगळ्या गाठी झाल्या की!"

"घट्ट व्हायला लागलं म्हणून उतरवलं."

"घट्ट व्हायला लागलं तवाच तर हाटायचं असतंय! तवा हात सोडला की गाठीच व्हणार. माझ्या मायनं पहिलं हेच शिकवलं मला. घट्ट व्हतंय म्हणून पळून जायचं व्हय?"

कडुबा पातेल्यात बघत राहिला. पिवळ्या पाण्यात तरंगणाऱ्या गाठी. एक गाठ त्यानं पळीनं काढली, बोटांनी फोडली. आत कोरडं पीठ. रवाळ.

"अगं," तो हळूच म्हणाला, "आन् हाटत ऱ्हायलं असतं तर?"

"तर काय? वाईच जड गेलं असतं हाताला, मग सुटलं असतं. मऊ, एकसारखं. रोज खाता की."

भामाबाई बडबडत गाठी फोडू लागली. कडुबा मात्र भिंतीला टेकून बसला. दोन्ही डाव. दोन्ही डाव आपणच. पोरीची पावडर बरोबर, दाणा बरोबर, तेल बरोबर. ती बिचारी जे बरोबर होतं तेच बदलत बसली, आणि चुकत होता तो हा हात. त्यानं उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, परक्या माणसाचा असल्यासारखा.

"कुणाला सांगायचंच नाय," त्याच्या मनात आलं. "पुढच्या डावाला नीट करायचं. माल जमंल, कुणाला काय कळतंय?" असं मनात आलं, आणि ते फार सोपं होतं. भामाबाईनं ताट वाढलं. गाठी असलेलं पिठलं त्यानं एक चकार शब्द न काढता सगळं खाल्लं. ती म्हणाली, "आज लई गुणाचे झालात."

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये आला तेव्हा प्रेरणा आधीच येऊन बसली होती. समोर डब्यांत नवीन पावडर. तिसऱ्या डावासाठी तिनं सगळं पुन्हा बदललं होतं. म्हणजे गप्प राहून नीट मळलं असतं तरी माल जमला नसता, हे कडुबाच्या ध्यानात आलं आणि त्याचे पाय जागीच थांबले. सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तसं नसतं तर त्यानं सांगितलं असतं का? हा प्रश्न त्याला पुढं बरेच दिवस डसत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "हे बदलू नका. पहिलंच बरोबर व्हतं."

"तुम्हाला काय माहीत, काका?"

"काटा उठला की मी दांडा ओढत व्हतो. दोन्ही डाव."

प्रेरणानं हातातला डबा खाली ठेवला. मोल्डिंगवर राजकुमारनं मशीन बंद केलं. पंख्याची किरकिर ऐकू यायला लागली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "काटा खाली आला का. तुम्ही हो म्हणालात."

"म्हणलो."

"मी रोज घरी जाऊन आईला सांगत होते की माझंच काहीतरी चुकतंय. पुण्याची नोकरी सोडून मी इथं आले, ते मला काहीच येत नाही हे कळायला का, असं वाटत होतं मला. एकदा तरी सांगायचं, काका. भीती वाटते म्हणून तरी."

"भीती वाटती म्हणायची सवय नाय, ताई," कडुबा म्हणाला. तो वळला आणि सरळ शेठच्या खोलीत गेला. दार उघडंच ठेवलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

शेठनी ऐकलं, आणि उठूनच उभे राहिले. "तूच बुडवायला निघाला व्हतास व्हय रं मला? मी म्हणतोय काम चोख केलं, आन् तू मान हालवतोस? जा! आत्ताच्या आत्ता जाऊन बस गेटावर. नीडर राजकुमार चालवील."

कडुबा वळला. त्यानं खुंटीचा डबा काढला. झाकणावर हात ठेवायला तो नीडरजवळ गेला, पण ठेवला नाही.

"शेठ," प्रेरणा दारात येऊन म्हणाली, "तिसऱ्या डावाला नीडरवर काकाच उभे राहतील."

"का? त्यानंच घाण केली ना सगळी?"

"म्हणूनच. ही चूक कशी होते ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे? दुसरं कोणी उभं केलं तर त्याचाही हात जाईल, तोही माझ्याशी 'झालं झालं' म्हणेल. आणि," ती जरा थांबली, डोळे भरलेले होते तरी आवाज ठाम होता, "माझे दिवस त्यांनी वाया घालवले. शिक्षा त्यांना मी देणार. तिथंच उभं राहायचं आणि काटा चढताना बघायचा."

शेठ खुर्चीत बसले. "लई खमकी हाय ही," ते पुटपुटले. पण नाही म्हणाले नाहीत.

तिसरा डाव दुपारच्या जेवणाआधी लागला. सारं शेड गोळा झालं. नाटकाला पिटात गर्दी व्हावी तसं. जुनाच मसाला, जुनाच दाणा. प्लास्टिक वितळलं, रबराच्या पट्ट्या आत गेल्या, नीडर आरामात घुमू लागली. प्रेरणा या खेपेला तबकडीसमोर उभी होती.

"काका, पावडर टाकू?"

"थांबा ताई." कडुबानं इकडंतिकडं बघितलं. मग तो लोखंडी दाराकडे गेला, दाराला टेकवलेला तो काळा गड्डा दोन्ही हातांनी ओढत, फरशीवर घासत घेऊन आला आणि नीडरसमोर, दांड्यापर्यंत हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवला. त्यावर बसला. आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले.

राजकुमार म्हणाला, "वस्ताद, चाहो तो मैं बांध देता हूँ हात."

"तू गप. टाका ताई."

पावडर पडली. काही वेळ काही नाही. मग नीडरचा आवाज बदलला, घशात घास अडकावा तसा. काटा थरथरला आणि चढू लागला. कडुबाचा उजवा खांदा उठला. मांडीखालचा हात सुटायला धडपडू लागला. करपट, गोडसर, शिजणाऱ्या रबराचा वास आला, तोच, गड्ड्यावर बसून महिनोन् महिने घेतलेला. "ओढ की रं! लागला माल!" सांडू वस्तादाचा आवाज त्याला इतका स्पष्ट ऐकू आला की त्यानं मागं वळून बघितलं. मागं पोती होती. काटा आणखी वर. मोटर कण्हायला लागली, फरशी हादरायला लागली.

"ताई, जाम व्हईल वो!"

"नाही होणार."

"लागंल!"

"लागू दे. बसा तुम्ही."

काटा वर टेकला. आत खडखड, खडखड, जणू गोट्या भरल्यात. कडुबानं डोळे मिटले. कपाळावरून घाम ओघळून मिशीत आला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. घट्ट व्हतंय म्हणून पळून जायचं व्हय? ही भामाबाई. कधी सांडू, कधी भामाबाई. दोन वस्तादांच्या मध्ये तो बसून राहिला.

आणि मग खडखड विरली. आवाज जड झाला, मग गोल झाला, मग एकसारखा. धप, धप, धप. कडुबानं डोळे उघडले. काटा हळूहळू खाली येत होता. आला, डुलला, स्थिर झाला.

"आता," प्रेरणा म्हणाली.

कडुबा उठला. हाताला मुंग्या आल्या होत्या, दांडा पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा ओढला. माल ट्रेमध्ये पडला: काळा, तुकतुकीत, एकजीव.

पुढचं सगळं राजकुमारचं. माल लाटला, कापला, दाणा केला, मोल्डिंगला घातला. साचा उघडला आणि पहिली ग्रिप बाहेर पडली. कोणी श्वास घेत नव्हतं. राजकुमारनं ती पिळली, ताणली, सोडली. ती परत जागच्या जागी.

"चिवडा नाय!" तो ओरडला आणि शेड टाळ्यांनी भरलं.

शेठ ती ग्रिप मागायला हात पुढं करणार, तोच प्रेरणानं ती घेतली आणि कात्रीनं तुकडे तुकडे केले. "अगं, पहिला माल हाय तो! पूजेला ठेवू की!" शेठ कळवळले. तिनं तुकडे मोल्डिंगच्या नरसाळ्यात टाकले. थोड्या वेळानं तिथून दुसरी ग्रिप बाहेर आली. तशीच. तिनं ती कडुबाच्या हातात ठेवली.

कडुबा ती कोमट ग्रिप मुठीत धरून कितीतरी वेळ बघत राहिला. शिजलेलं रबर. वितळून, पुन्हा नवं होऊन आलेलं. त्यानं मागच्या पोत्यांच्या राशीकडे बघितलं, आणि मग प्रेरणाकडे.

शेठनी खुशीनं टपरीवरून जिलबी मागवली होती. राजकुमार प्रेरणाच्या कानाशी काहीतरी कुजबुजला. तिनं एक जिलबी उचलली आणि कडुबाला म्हणाली, "काका, बसा."

"कुठं?"

"गड्ड्यावर."

कडुबा बसला. प्रेरणानं आपल्या हातानं त्याला जिलबी भरवली. त्याची काळी मिशी पाकानं चिकट झाली, आणि का कोण जाणे, डोळेही पुसावे लागले. चटईवर बसलेल्या मंडळींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

शेठ ताटली हातात घेऊन हसत हसत जवळ आले. त्यांना गोड बोलणं जमायचं नाही, म्हणून ते खवचट बोलायचे. "कडुबा, लई मातू नको. गेटावरची खुर्ची अजून रिकामीच हाय बरं का."

कडुबा उठला. पंच्यानं गड्ड्यावरची धूळ झटकली, त्याच्या गुळगुळीत पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मग त्या खुर्चीवर ह्याला नेऊन बसवा, शेठ. म्या लई दिवस ह्याच्यावर बसलो, आता ह्याला बी बसू द्या की कशावर तरी."